गिरडची टेकडी आणि दुकानातले ऊन

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात गिरड हे गाव आहे. हिंगणघाटची कापसाची बाजारपेठ आणि उमरेडच्या कोळसा खाणी यांच्या मधल्या पट्ट्यात ते वसले आहे. गावालगतच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा असून हिंदू आणि मुसलमान दोन्ही समाजांचे लोक तेथे श्रद्धेने येतात. व्यापारी घरातून आलेल्या यात्रेकरूला मात्र या टेकडीची एक आख्यायिका विशेष जवळची वाटावी.

दोन फिरते व्यापारी माल घेऊन येथून जात होते. त्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्यांच्या नारळ-सुपारीसकट सगळ्या मालाचे दगड झाले. त्यांनी क्षमा मागितली, तेव्हा फकिराने वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. ते दोघे मग पुढे गेलेच नाहीत. त्यांनी तेथेच सेवा पत्करली, आणि टेकडीवरील दोन कबरी त्यांच्याच असे सांगितले जाते. सुपारीसारखे गोल दगड टेकडीवर विखुरलेले आहेत. भूगर्भशास्त्र त्यांना झिओलाइट वर्गातले मानते. लाव्हा थंड होताना खडकात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, झिरपत्या पाण्यातील क्षार त्यांत साचले, पुढे काळा खडक झिजला आणि आतले गोटे मोकळे झाले. झिओलाइट हे नाव १७५६ मध्ये एका स्वीडिश शास्त्रज्ञाने दिले. त्याचा अर्थ ‘उकळणारा दगड’ असा, कारण तापवला की हा दगड पोटातले पाणी वाफेच्या रूपाने सोडतो.

वैशाखात ही टेकडी चढणाऱ्याला तो अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. काळा खडक दिवसभर ऊन पितो आणि सूर्य मावळल्यावर ते परत देतो. आज तालुक्यातालुक्यांत उभ्या राहणाऱ्या दुकानांच्या सिमेंटच्या स्लॅबचा स्वभावही नेमका असाच आहे. दुपारचे ऊन स्लॅबमधून सावकाश खाली उतरते आणि संध्याकाळी, गिऱ्हाइकांची गर्दी होण्याच्या वेळी, गल्ल्यावर बसलेल्याच्या डोक्यावर येते. तेव्हा वातानुकूलन यंत्र लावले जाते. त्या यंत्राची निम्मी लढाई बाहेरच्या हवेशी नसून मालकाने स्वतः बांधलेल्या छताशी असते.

विदर्भातील जुन्या बांधणीला हे ठाऊक होते. माती-विटांच्या जाड भिंती, उतरते कवेलूचे छप्पर, समोर ओसरी, दारावर वाळ्याचे ओले तट्टे. वर्ध्याजवळचे सेवाग्राम याच जिल्ह्यातले. ३० एप्रिल १९३६ रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, गांधीजी तेथे आले; गावाचे नाव तेव्हा शेगाव होते. तेथील बापू कुटी माती, बांबू, लाकूड आणि कवेलू अशा आसपासच्या सामानातून उभी आहे, आणि भर दुपारी आत पाऊल टाकणाऱ्याला तिचा गारवा जाणवतो. गांधीजींना वर्ध्याला आणणारे जमनालाल बजाज हे व्यापारी पेढीचे गृहस्थ होते, हेही येथे स्मरणात ठेवावे. अर्थात कुटीची नक्कल करून कापडाचे दुकान चालणार नाही. तिजोरी, शटर, वरचा मजला या गरजा खऱ्या आहेत. पण ऊन आत येऊच द्यायचे नाही, हे तिचे तत्त्व तीन मजली इमारतीलाही लागू पडते. हैदराबाद येथील सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर या कार्यालयीन इमारतीला २००३ मध्ये हरित इमारतीचे सर्वोच्च प्लॅटिनम मानांकन मिळाले. तिच्यात जाळीदार भिंती, मधला चौक, छतावरची हिरवळ आणि वारा आत घेणारे मनोरे आहेत. यांतले जाळी आणि चौक तर आपल्या आजोबांच्या वाड्यांतही होते.

सरकारनेही यात लक्ष घातले आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये ती सुधारण्यात आली. परंतु ही संहिता १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करार मागणी असलेल्या इमारतींपासून पुढे लागू होते. मॉल, मोठी हॉटेले, कार्यालये तिच्या कक्षेत येतात. हिंगणघाट, समुद्रपूर, गिरड येथील दुकाने, अडतीची कार्यालये आणि छोटी गोदामे बहुतेक बाहेरच राहतात. त्यांच्या बाबतीत जो काही निर्णय व्हायचा तो मालकाच्या घरातच होणार. आणि तो बहुधा एकदाच होतो, कारण स्लॅब पुढची चाळीस-पन्नास वर्षे तसाच राहतो. बांधकामासाठी कर्ज काढताना सिमेंट, लोखंड, मजुरी यांचा हिशेब पैशापैशाने मांडला जातो; त्या इमारतीचे पुढचे वीजबिल मात्र कोणी कागदावर मांडत नाही.

एक छोटा हिशेब पाहावा. मध्यम दुकानात दहा जुने पंखे आहेत, प्रत्येकी ७५ वॅटचे. त्यांच्या जागी २८ वॅटचे बीएलडीसी पंखे बसवले तर ताशी ४७० वॅट वाचतात. दिवसाचे बारा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर बचत १,६९२ युनिटांची होते. सर्व आकार मिळून युनिटला बारा रुपये पडतात असे मानले तर ही रक्कम वीस हजारांच्या थोडी वर जाते. पंख्याची किंमत तीन हजार धरली तरी भांडवल दीड वर्षात मोकळे. शिवाय कोळशाच्या विजेला युनिटमागे अर्धा ते पाऊण किलो कोळसा लागतो, म्हणजे उमरेडसारख्या खाणीतला सुमारे एक टन कोळसा दरवर्षी जमिनीतच राहील.

मात्र पंखा हा दुसरा उपाय, पहिला नव्हे. पहिला छताचा. गच्चीवर पांढरा चुना किंवा फुटक्या पांढऱ्या फरशीचे चायना मोझेक केले की ऊन बरेचसे परत फिरते. पश्चिमेकडे काचेचे दर्शनी दालन म्हणजे भट्टीच. तेथे खोल छज्जा तरी हवा. विदर्भाच्या कोरड्या उन्हात साधा कूलर उत्तम चालतो आणि यंत्राच्या तुलनेत फारच थोडी वीज घेतो. जुलैच्या दमट हवेत मात्र तो निरुपयोगी ठरतो. यंत्र लावावेच लागले तर २४ अंशांवर ठेवावे. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक वाढीव अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते. सौर पॅनेल या सर्वांनंतर. हल्ली अनेक जण तापलेले छत तसेच ठेवून आधी पॅनेलच बसवतात, आणि गळक्या हौदाला मोठा नळ जोडल्याचे समाधान मिळवतात.

श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंड विरमण आहे. ज्यात प्रयोजन नाही अशी हिंसा टाळावी, असा त्याचा आशय. रिकाम्या गोदामात रात्रभर जळणारा दिवा आणि गिऱ्हाईक नसताना गरगरणारा पंखा यांना आणखी कोणते नाव द्यावे? संयमपूर्वक वागणुकीला आपल्याकडे जयणा म्हणतात. साधू-साध्वी विजेचा दिवा किंवा पंखा वापरत नाहीत. त्यामुळे स्थानक बांधताना उजेड आणि वारा भिंतींतूनच मिळवावा लागे: उंच छत, समोरासमोर खिडक्या, झरोके. आजचे स्थानक मात्र खाली स्लॅब, वर स्लॅब, एका बाजूला खिडक्या असे बांधले जाते, आणि चातुर्मासाच्या उकाड्यात साधू-साध्वींना तेथे राहावे लागते. देणगीदारांच्या नावांची पाटी कोठे लावावी यावर बांधकाम समितीत बरीच चर्चा होते. त्या बैठकीत आणखी पंधरा मिनिटे खिडक्यांसाठी निघू शकतात.

विदर्भात नव्या दुकानाचा स्लॅब बहुधा पावसाळ्याआधी टाकण्याची घाई असते. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त साधायचा, मजूर मिळतात तेवढ्यात काम उरकायचे. त्या घाईत दिशा बदलता येत नाही आणि चौकासाठी जागा सोडता येत नाही. म्हणून आराखडा दिवाळीनंतर, थंडीतच काढून घ्यावा, आणि अभियंत्याला पहिला प्रश्न एवढाच विचारावा की मे महिन्यात दुपारी चार वाजता या गल्ल्यावर ऊन कोठून येईल.