बागवान बाबा

गुरुवार. शिर्डीत आज पाऊल ठेवायला जागा नाही. दर्शनबारीतून सुटलेली माणसं लेंडीबागेत येतात, नंदादीपाला हात जोडतात, बाबांच्या श्यामसुंदर घोड्याच्या समाधीपाशी थांबतात. डोक्यावरच्या झाडांत मैना-बुलबुल कलकलत असतात, तिकडे मान क्वचितच वळते. वाईट वाटतं, कारण साईबाबा स्वतः बागवान होते! राहात्याहून झेंडू, जाई-जुईची रोपं आणून त्यांनी पडीक जागेत लावली. गावातले वामनतात्या रोज दोन कच्चे घडे देत. बाबा ते भरून खांद्यावरून आणत आणि झाडांना पाणी घालत. त्याच जागी पुढे भक्त बुट्टींचा वाडा उभा राहिला, आजचं समाधिमंदिर.

झाडा-पाखरांकडे मान वळवायला मुंबईकरांना बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आहे. शंभरावर कान्हेरी लेणी आणि बिबटे एकाच रानात. आमच्याकडे बिबट्या उसात राहतो. पण गोदावरीच्या वरच्या अंगाला, कादवेच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. हिवाळ्यात तिथे चक्रवाक, थापट्या उतरतात. शिर्डीला आलेल्या कुटुंबांनी एक सकाळ तिकडे काढावी, लेकरांना पाणपक्षी दाखवावेत, असं फार वाटतं. बसस्थानकावर त्या वाटेची ठळक पाटी हवी, आणि लेंडीतल्या झाडांवर त्यांची नावंही.