करारांतील तिसरा पक्ष

‘सार्वजनिक धोरण’ हे शब्द कानीं पडले म्हणजे बहुतेकांस सरकारचें शेतीचें वा शिक्षणाचें धोरण आठवतें. परंतु कायद्यांत या शब्दांस दुसराही एक अर्थ आहे, आणि तो सुशिक्षित घरांच्या अगदीं उंबरठ्यापर्यंत येऊन पोंचतो. माझ्या पुतणीच्या नोकरीच्या निमित्तानें आमच्या घरीं त्याचा बराच ऊहापोह झाला.

तिच्या करारांत अशी अट होती कीं, ही नोकरी सोडल्यास पुढें दोन वर्षें त्याच धंद्यांत इतरत्र काम करूं नये. चांगली जागा चालून आली तेव्हां मालकांनीं नेमकी हीच अट पुढें केली. दादा म्हणाले, “सही केली म्हणजे शब्द दिला. तो फिरविणें आपणांस शोभत नाहीं.” वहिनींनीं विचारलें, “मग शिकलेली विद्या दोन वर्षें कुलुपांत घालून पोरीनें खावें काय?”

या प्रश्नाचें उत्तर १८७२ सालच्या भारतीय करार कायद्यांत आहे. ज्या कराराचा हेतु न्यायालयास अनीतीचा अथवा सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध वाटेल तो बेकायदेशीर होय, असें त्याचें २३ वें कलम सांगतें. सज्ञान व्यक्तीच्या विवाहास आडकाठी करणारा करार २६ व्या कलमानें, आणि धंद्यास आडकाठी करणारा २७ व्या कलमानें रद्द ठरतो. यामागील तत्त्व असें कीं, करार दोघांचा असला तरी समाज हा तेथें तिसरा पक्ष असतो. कर्तबगार माणूस रिकामा बसला तर नुकसान त्याचें एकट्याचें होत नाहीं. क्रिकेटपटू झहीर खान यांच्या प्रकरणांत, कराराची मुदत संपल्यावरही खेळाडूचे हात बांधणारी अट टिकत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं ठरविलें.

“मग शब्दाला किंमत ती काय राहिली?” असें दादांनीं विचारलें. त्यांची शंका रास्तच होती. सार्वजनिक धोरण हा एक बेफाम घोडा आहे, असा इशारा एका इंग्रज न्यायाधीशानें १८२४ सालींच देऊन ठेवला आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंही १९५९ सालीं, हें तत्त्व वाटेल तसें ताणूं नये, असें सांगून पैजेच्या धंद्यांतील एक भागीदारी बेकायदेशीर ठरविण्याचें नाकारलें. २०२५ सालीं तर, तीन वर्षें नोकरी करावी नाहींतर दोन लाख रुपये भरावे, ही एका बँकेची अट त्यानें उचलून धरली. तात्पर्य, हें तत्त्व म्हणजे शब्द मोडणाऱ्यांची पळवाट नव्हे. नोकरींत असतां पाळावयाचा शब्द निराळा, आणि नोकरी सुटल्यावरही पोटावर ठेवलेला पाय निराळा.

पुतणीनें नोटिशीची मुदत पुरी केली, कचेरीचे सारे कागद परत केले आणि मगच ती नव्या जागीं रुजू झाली. दादांनीं तिला आशीर्वाद दिला.

मला मात्र एका गोष्टीचा अजून विचार पडतो. शब्द पाळावा, हें आपण मुलांस लहानपणापासून शिकवितों; पण शब्द घेणाऱ्यानें काय मागूं नये, हें कोण शिकवितो? घरांतही आपण लेकीसुनांकडून कितीतरी वचनें घेतों : शिक्षण सोडण्याचीं, नोकरी न करण्याचीं. तीं तपासण्यास तेथें न्यायाधीश बसलेला नसतो. तें काम वडीलधाऱ्यांनीं स्वतःच करावयाचें असतें.