गवा बघायला गेलो आणि दाजींचा ऊस बघून आलो



ऊस तुटून गेला, खोडव्याचं पाचट सरीत दाबून झालं, म्हणून परवा पोरांना घेऊन दाजीपूरला गेलो. कोल्हापूरपासून साधारण 80 किलोमीटर. राधानगरीपर्यंत आपल्यासारखंच, दोन्ही बाजूला ऊस आणि पुढं ट्रॉली. तिथून वर वळणं लागतात, झाडी दाटते आणि मधूनच धरणाचं पाणी चमकतं. गाडी मात्र हळू चालवा. सांजच्याला कुठल्या वळणावर गवा आडवा येईल नेम नाही.

अभयारण्यात गावातलाच वाटाड्या सोबत होता. चालताना आधी शेकरू दिसलं, या झाडावरून त्या झाडावर. मग सड्यावर आलो. सगळा जांभा खडक, वर वीतभर माती नाही, गवत वाळून पिवळं. खालच्या झाडीच्या कडेला पाच गवे चरत होते. काळेभोर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. त्यातला नर आपल्या दोन खिलार बैलांएवढा सहज भरला असता. पोरं एकदम गप्प झाली, आणि ती कधी गप्प बसत नाहीत.

एक गोष्ट मात्र डोळ्यात खुपली. वाटेच्या कडेनं रानमोडी माजली आहे. तिला जनावर तोंड लावत नाही आणि तिच्याखाली गवत वाढत नाही.

परतताना आक्काकडं चहाला थांबलो. त्यांचं रान जंगलाला लागूनच. दाजी म्हणाले, "चला, गवा बघितला, आता त्याचं काम बघा."

नोव्हेंबरची लागण, आत्ता कुठं फुटवे धरलेले. शेंडे खाल्लेले होतेच, पण खाण्यापेक्षा तुडवणं जास्त. सरीत खुरांचे खड्डे, ठिबकची नळी तीन ठिकाणी तुटलेली.

"पंचनामा केला का?"

"केलाय की. पैसे पिकाचे मिळतील, पावणं. रात्रभर जागल्याचे कोण देणार?"

मला बोलायला तोंड नव्हतं. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या या धरणाचं पाणी भोगावतीनं खाली येतं आणि माझी मोटर तेच उचलते. हे जंगल आहे म्हणून धरणात पाणी आहे. पाणी माझ्या वाट्याला आणि गवे दाजींच्या.

पोरानं मोबाईलवर नराचा फोटो दाखवला. दाजींनी चष्मा लावून नीट बघितला. "हा नव्हं. आमच्यात येतो त्याचं डावं शिंग मोडलंय."

पुढच्या साली त्या तुकड्यात हळद लावायची त्यांच्या मनात आहे. जंगलाकडेला कुणी हळद केली असेल तर सांगा, गवा तिला शिवतो का? आणि सौर झटका मशीन गव्यापुढं टिकतं का, तार किती उंचीवर बांधली, तेही लिहा. घरच्या लाईनची वायर कुंपणाला जोडायचा सल्ला मात्र कुणी देऊ नका, त्यात माणसं गेली आहेत.