अंगण आपले, ओढाही आपलाच

गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाची लक्षणे सांगितली. त्यांत एकाच श्लोकात अहिंसा आहे आणि शौचही आहे. शौच म्हणजे शुचिता, आतबाहेरची निर्मळता. माउलींनी तिला कापराचा दृष्टांत दिला. अहिंसेचे निरूपण तर इतके विस्तारले, की अहिंसक पुरुष पाऊल कसे टाकतो, बोलतो कसा, पाहतो कसा, हेही सांगितले. ही दोन लक्षणे शेजारी का बसवली असतील, याचे चिंतन अलीकडे मनात चालू आहे. मला वाटते, अहिंसेवाचून केलेली स्वच्छता ही स्वच्छताच नव्हे. आपला केर दुसऱ्याच्या दारी लोटला, तर तो गेला कुठे? तो फक्त आपल्या डोळ्यांआड झाला.

गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहांत हे नेमके दिसते. पाचशे माणसांची पंगत धरा. दोन वेळचे जेवण, सात दिवस. सात हजार पाने झाली. प्रत्येक पानाबरोबर एक द्रोण आणि एक पेला, म्हणजे एकवीस हजार नग. काल्याचे कीर्तन झाले, की मंडप झाडून लख्ख होतो. मंडळी धन्यता मानतात. आणि तो ढीग? मंदिरामागे पेटतो, नाहीतर ओढ्यात जातो. महाराष्ट्रात २०१८ साली थर्मोकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आली, २०२२ पासून ती देशभर आहे. पण बंदी आली म्हणून पुष्कळ ठिकाणी कागदी ताटे आली. त्या कागदाला आतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. तो मातीत कुजत नाही, आणि खरकट्याच्या वासाने गाय तो चघळते. गोमातेची आरती करायची आणि तिच्या पोटात प्लास्टिक घालायचे, हा कसला धर्म?

यावर उपाय आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. पळसाच्या पानांची, काडीने टाचलेली पत्रावळ. जेवण झाले, की खड्ड्यात टाकावी, वर माती आणि पालापाचोळा पसरावा. वर्षभरात खत होते. पाणी भरपूर असेल तिथे स्टीलची ताटे राखेने घासावीत. पाण्याची टंचाई असेल तिथे पत्रावळच बरी. दोन्हींत हट्ट नको, विवेक हवा.

गाडगेबाबांचे स्मरण इथे झालेच पाहिजे. १९५६ साली बाबा गेले. दिवसा हातात खराटा आणि रात्री कीर्तन, हा त्यांचा क्रम. आम्ही कीर्तनकार त्यांच्या कीर्तनाच्या आठवणी रंगवून सांगतो. खराट्याची आठवण मात्र थोडक्यात आटोपतो. त्यांनी पंढरपूर, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधवल्या, स्वतःसाठी मात्र झोपडी बांधली नाही. इमारत कशासाठी उभी करावी, हे त्यांच्याकडून शिकावे.

आज गावोगाव मंदिरांचे जीर्णोद्धार चालू आहेत. आनंदाची गोष्ट आहे. पण जुन्या लाकडी, उंच झरोक्यांच्या सभामंडपात वैशाखातही बसवत असे. आता सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री हरिपाठाच्या वेळी तीच ऊब खाली सोडतो. मग पंखे आले, बिल आले, आणि बिल भरते भाविकांचे दान. स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले, तर ऊन पुष्कळसे परत फिरते. साठ वॉटच्या जुन्या दिव्याचे काम नऊ वॉटचा एलईडी दिवा करतो. देवाला झगमगाटाची हौस नाही. विटेवर उभा राहणारा तो.

पाण्याचा हिशेब तर शाळकरी पोरालाही जमेल. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. शंभर चौरस मीटरच्या सभामंडपावर वर्षात पाचशे मिलिमीटर पडला, तर पन्नास हजार लिटर. थोडे वाया गेले तरी चाळीस हजार हाती राहते. पहिल्या पावसाचे धुळकट पाणी सोडून द्यावे आणि पुढचे गाळून आडाकडे वळवावे. वारकरी नळावर हातपाय धुतात, ते पाणी केळी-कर्दळीच्या वाफ्यात सोडावे. एवढ्याने डबके नाही, डास नाहीत, शिवाय काल्याच्या पंगतीला केळीची पाने मिळतात.

आमच्या गावी सध्या याच गोष्टीवरून मतभेद आहे. मंदिराचे सगळे अंगण ब्लॉक बसवून बंद करायचे आणि जुना आड बुजवायचा, असा विचार पुढे आला. तरुण मंडळी म्हणतात, "महाराज, पावसाळ्यात चिखल होतो, म्हातारी माणसे घसरतात. आडाजवळ पोरे जातात." त्यांचे खोटे नाही. मी एवढेच म्हणतो, की वेशीकडून पायरीपर्यंत दगडी वाट करा, बाकीची माती मोकळी राहू द्या. आडावर लोखंडी जाळी बसवा. सगळे अंगण झाकले, तर पावसाचे पाणी मुरणार कुठे? ते खालच्या वस्तीत शिरेल, आणि उन्हाळ्यात आपण टँकरची वाट पाहू. जाळीला मंडळी तयार झाली आहेत. अंगणाचा निर्णय आषाढीनंतर व्हायचा आहे. माझे म्हणणे कोणाला जुनाट वाटले तरी पन्नास वर्षे नारदाच्या गादीवर उभे राहून भूतदया सांगितली. ती दारातल्या मातीला लागू नाही, असे आता कसे म्हणू?

शेवटची एक गोष्ट. आळंदीची इंद्रायणी तुळापुरापाशी भीमेला मिळते. तीच भीमा पंढरीत चंद्रभागा होते. आमच्या गावचा ओढाही पुढे भीमेतच जातो. म्हणजे आपण दिंडीबरोबर पायी निघतो, त्याच्या आधी आपण ओढ्यात टाकलेली घाण पंढरीला पोचलेली असते. आणि त्याच पाण्यात आपण भक्तिभावाने स्नान करतो.

यंदा आपापल्या गावच्या सप्ताहाची बैठक होईल, तेव्हा वर्गणीची आणि कीर्तनकारांची यादी करण्याआधी एकाने उठून विचारावे, की पंगतीनंतरची पाने कुठे जाणार? या प्रश्नाचे उत्तर ठरले, की बाकीचे पांडुरंग सांभाळतो.

रामकृष्णहरि.