जांघेत गाठ आणि रिकामी पिशवी

तान्हं बाळ रडायला लागलं की घरात आधी पोटदुखी, मग दात, मग दृष्ट असा क्रम लागतो. मी मोठ्यांचा डॉक्टर. पण तालुक्याच्या गावात आजोबांच्या बीपीबरोबर नातवाचं रडणंही तपासावं लागतं. अशा वेळी माझा एकच हट्ट असतो: बाळाचा डायपर काढा. काही आयांना हे विचित्र वाटतं, वाटू दे.

दहा महिन्यांचा एक मुलगा असाच आला होता. आदल्या दुपारपासून रडत होता, दोनदा ओकला होता. डाव्या जांघेत सुपारीएवढी कडक गाठ, हात लावू देईना. "अवधाण आलंय," आजी म्हणाल्या. पण पायाला कुठे जखम नव्हती, आणि डावीकडची पिशवी रिकामी होती. "पहिल्यापासून एकच गोळी लागते ना हाताला?" मी आईला विचारलं. तिने मान हलवली. मोठा झाला की उतरेल, असं घरात ठरलं होतं.

वृषणं पोटात तयार होतात आणि जन्माआधी जांघेतून खाली पिशवीत उतरतात. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलांपैकी साधारण 3 जणांत एखादं वर राहतं. कमी दिवसांच्या बाळांत हे प्रमाण बरंच जास्त. असं अडकलेलं वृषण नीट बांधलेलं नसल्याने स्वतःभोवती फिरू शकतं. पीळ पडला की रक्तपुरवठा तुटतो. दुखतं मात्र जांघेत, म्हणून हर्निया वाटतो. उजवीकडे असेल तर अपेंडिक्सही. हर्निया अडकला असला तरी सर्जनच लागतो, त्यामुळे गाठ कशाची यावर घरी चर्चा नको. शेक नको, मालिश नको, गाठ आत दाबू नका आणि बाळाला काही पाजू नका, कारण भूल द्यावी लागू शकते. डॉप्लर सोनोग्राफीची मदत होते. पण संशय दाट असेल तर तिच्यासाठी ऑपरेशन थांबवत नाहीत. 6 तासांत पीळ सुटला तर वृषण बहुधा वाचतं, 24 तासांनंतर क्वचितच.

त्या मुलाचं वाचलं नाही. काळं पडलेलं वृषण काढावं लागलं. दुसरं चांगलं आहे, त्यामुळे पुढे बाप होण्यात सहसा अडचण येत नाही, हे मी त्याच्या आईला दोनदा सांगितलं.

तुमच्या घरी तान्हा मुलगा असेल तर कोमट पाण्याच्या आंघोळीनंतर पाहा. थंडीत वृषणं वर ओढली जातात आणि उगाच घाबरायला होतं. 6 महिन्यांनंतरही एक बाजू रिकामीच असेल, तर ते आपोआप उतरण्याची शक्यता फार कमी. बालशल्यचिकित्सकांना दाखवा. ते खाली आणून बसवण्याचं ऑपरेशन 6 ते 18 महिन्यांच्या दरम्यान करतात, आणि बाळ बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी येतं.