जेर-जबर नसलेले सूर

धाकट्या भावाने मोबाइलवर चेलोचे वादन पाठवले. म्हणाला, "आपा, ऐकून तर बघ, आपल्या सारंगीसारखं वाटतं." ऐकले. गज, तारा आणि माणसाच्या गळ्याशी जवळीक, एवढे साम्य खरेच आहे. ती बाखची रचना होती. १७२० च्या सुमारास, जर्मनीतल्या कोथेन इथे असताना त्याने एकट्या चेलोसाठी सहा स्वीट लिहिले असे मानतात. स्वीट म्हणजे नाचांच्या चालींची माळ, सुरुवातीला एक प्रेल्यूड.

साथीला कोणीच नाही. वादक खालचा एक स्वर वाजवून पुढे निघून जातो, पण तो कानात रेंगाळतो आणि वरच्या स्वरांना तोच साथ देतो. पाचव्या स्वीटमधल्या साराबांदमध्ये तर दोन स्वर एकदम कुठेच वाजत नाहीत. एकेक स्वर येतो आणि मधली रिकामी जागा ऐकणाऱ्याने भरायची. इतके ओकेबोके आणि इतके भरलेले काही मी पूर्वी ऐकले नव्हते.

मी मात्र अडकले ते दुसऱ्याच गोष्टीत. बाखच्या हातची मूळ प्रत आज उपलब्ध नाही. आहेत त्या नकलांपैकी एक त्याची बायको आना माग्दालेना हिने उतरवलेली. (घर सांभाळून एवढे पानेच्या पाने उतरवणाऱ्या या बाईंबद्दल मला उगीचच आपुलकी वाटते.) स्वर बहुतेक स्पष्ट आहेत. पण गजाच्या एका ओढीत किती स्वर घ्यायचे हे सांगणाऱ्या कमानी जागोजागी संदिग्ध आहेत. कमान तीन स्वरांवर आहे की चारांवर? एका जागी एक, तशाच दुसऱ्या जागी वेगळे. पाब्लो कासाल्सने १९३६ ते १९३९ मध्ये हे सहाही स्वीट ध्वनिमुद्रित केले, तेव्हा त्यांत एक धीरगंभीर आवेश होता. आनर बिल्स्माने १९७९ मध्ये जुन्या धाटणीच्या चेलोवर, तांतीच्या तारांवर वाजवले ते हलके, बोलल्यासारखे. स्वर तेच. दोघांपैकी चूक कोण?

मला माझी सातवीची तोंडी परीक्षा आठवली. एका मुलीने 'उस घर में' ऐवजी 'इस घर में' वाचले. उर्दूत दोन्ही अलिफ-सीनच, फरक फक्त जेर आणि पेशचा, आणि ते पुस्तकात छापलेले नव्हते. बी.एड.ला शिकले तसे मी गुण कापला. ती पुटपुटली, "आपा, पेश नहीं लिखा है." मी म्हटले, "मागचं वाक्य वाच, कळेल." मागचे वाक्य मी स्वतः त्या रात्री वाचले. दोन्ही अर्थ बसत होते. त्या घरातच राहणारी मुलगी बोलते आहे असे धरले तर 'इस'च अधिक बरे.

गुणपत्रक केव्हाच भरून गेले होते. दुसऱ्या दिवशी तोच धडा तिला पुन्हा वाचायला दिला. तिने 'इस'च वाचले आणि माझ्याकडे न बघता पुढे गेली.