ओवीचे नाते

आमच्या उमरखेडच्या घरी तिन्हीसांजेस पोथी वाचण्याची चाल आहे. तीत वाढलेल्या आम्हांस ख्रिस्ती धर्म म्हणजे परकी भाषा व परके लोक, असेच वाटे. म्हणून वसईच्या एका कॅथलिक शिक्षकस्नेह्याच्या कन्येच्या विवाहास, प्रकृतीचे निमित्त सांगून, आम्ही गेलो नाही.

पुढे त्याच स्नेह्याने फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ धाडिले. इंग्लंडात जन्मलेल्या या पाद्र्याने येशूचे चरित्र मराठी ओवीत रचिले. 1616 साली ते गोव्यात रायतूर येथे छापिले गेले व चर्चमधून भाविकांपुढे वाचिले जाई. आमच्या पोथीची ओवी तिकडेही नांदत होती! आम्ही मनांत ओशाळलो.

गेल्या नाताळात वसईस गेलो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) उपासनेत लॅटिनऐवजी लोकभाषा आली. तेव्हा मध्यरात्रीचा मिस्सा मराठीतच होता. स्नेह्याच्या नातवाने बाकावर सरकून आम्हांस जागा दिली. घरी परतल्यावर आम्ही त्या जुन्या निमित्ताची क्षमा मागू लागलो, तोच स्नेही म्हणाले, “मास्तर, आधी पानावर बसा.”

आम्ही बसलो. एवढ्या सोप्या गोष्टीस आम्हांस उभे आयुष्य लागले.